घर विकणे आहे : दलालांनी येऊ नये

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने पेडण्याहून येताना रस्त्याकडच्या एका गडग्यावर टांगलेली पाटी वाचली : ‘घर विकणे आहे. दलालांनी येऊ नये.’ दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, ‘‘सर, असे का लिहितात? दलाल लबाड असतो का?’’ प्रश्न लहान होता. पण एका वाक्यात त्याचे उत्तर मला देता आले नाही. तशीच एक पाटी दोन-तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती. तेव्हा ते उत्तर येथे जरा विस्ताराने देतो.

‘दलाल’ हा शब्द अरबी भाषेतून आपल्याकडे आला. वाट दाखवणारा, खूण सांगणारा, असा त्याचा मूळ अर्थ. विकणारा आणि घेणारा यांची ओळख नसते, तेथे ती करून देणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल मिळते ती दलाली. आपल्या पेडणे-डिचोली भागात पूर्वी घर विकण्याचा प्रसंग विरळाच येई. आलाच, तर शेजारचा किंवा सोयरा ते घेई आणि बोलणी देवळाच्या पायरीवर होत. आता तसे राहिलेले नाही. मोप येथील विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी विमाने उडू लागली आणि ज्या गावांची नावे कोणी ऐकली नव्हती तेथे मुंबई-दिल्लीची गिराईके येऊ लागली. ह्या गिराईकांना गाव ठाऊक नाही आणि गावाला ती ठाऊक नाहीत. अशा ठिकाणी दलाल उपयोगी पडतो, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र त्याचे हित आणि घरमालकाचे हित अगदी एकच असते का? थोडे गणित करू. एका घराला आज 50 लाख रुपये मिळतात आणि दलाली शेकडा दोन ठरली आहे असे समजा. दलालाला एक लाख मिळेल. दोन महिने थांबल्यास त्याच घराचे 52 लाख येतील. थांबल्याने मालकाच्या पदरात दलाली वजा जाता 1,96,000 रुपये अधिक पडतील. दलालाला मात्र दोन महिन्यांच्या खटपटीबद्दल अवघे 4,000 रुपये. तेवढ्या अवधीत तो दुसरे एखादे घर विकू शकतो. म्हणून तो म्हणणार, ‘‘हेच गिराईक चांगले, सोडू नका.’’ ह्यात लबाडी असेलच असे नाही. तो आपल्या वेळेचा हिशेब करतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेतील शिकागो परिसरातील जवळजवळ एक लाख घरविक्रींचा अभ्यास स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केला. दलाल जेव्हा स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि शेकडा 3.7 इतकी अधिक किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी मॅडिसन या शहराविषयी दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे दलालाशिवाय घर विकणाऱ्यांना किंमत कमी मिळाली नव्हती. मात्र त्यांची घरे विकायला वेळ अधिक लागला आणि काहींची विकलीच गेली नाहीत. म्हणजे दलाली वाचते, पण तिच्या जागी आपला वेळ खर्ची पडतो.

कायद्याच्या दृष्टीने दलाल हा मालकाचा मुखत्यार, म्हणजे एजंट होय. 1872 च्या भारतीय करार कायद्यात ह्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. महत्त्वाची गोष्ट दडवून दलालाने स्वतःच ते घर घेतले, किंवा दुसऱ्याच्या नावाने घेतले, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. उलट, दलालाने त्या कामाच्या ओघात गिराईकाला खोटे सांगितले तर ते मालकानेच सांगितल्यासारखे धरले जाते. ही दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणीची सक्ती केली. परंतु ती नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतील सदनिका व भूखंड यांच्या विक्रीपुरती आहे. आजोबांचे जुने कौलारू घर विकायचे तर तिचा आधार मिळत नाही.

आता माझ्या मामांच्या घराची हकीगत सांगतो. घर पेडणे तालुक्यात, राजांगण असलेले, मागे थोडे भाट. थोरले मामा-मामी तेथे दोघेच उरले होते. कौले दरवर्षी उतरवून चढवणे त्यांना झेपेना. 2023 साली त्यांनी शहरातील एका दलालाला बोलावले. गृहस्थ बोलण्यात गोड. पंधरा दिवसांत त्याने गिराईक आणले. पाच लाखांचा विसार चेकने मिळाला आणि चार महिन्यांत खरेदीखत करून देण्याचा करार झाला. विसार रोख घेतला नाही, एवढे एक मामांनी ठीक केले. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास 1 जून 2015 पासून मनाई आहे.

पण घर मामांचे एकट्याचे होते कोठे? सर्वे उताऱ्यावर, ज्याला आपण ‘एक-चौदा’ म्हणतो, अजून आजोबांचेच नाव होते. (हा उतारा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) आजोबा-आजींच्या मागे थोरले मामा, दिवंगत मधल्या मामांचे कुटुंब, डिचोलीचे धाकटे मामा, मुंबईची मावशी आणि माझी आई, असे पाच हिस्से. त्यातच गोव्याचा विवाहविषयक कायदा उर्वरित भारताहून निराळा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीही. म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या पत्नीची अथवा पतीची सही लागते. आमच्या घराला अकरा सह्या हव्या होत्या. दलालाने एकच माणूस पाहिला होता.

मुंबईला निरोप गेला तो दलालाच्या फोनने. मावशीचे यजमान म्हणाले, ‘‘घर विकले हे मला परक्याने सांगावे काय?’’ त्यांचा राग रास्त होता. मधल्या मामांचा मुलगा मस्कतला. त्याने पैशांची चौकशी केलीच नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘दादा, मग आमचा गणपती कुठे पुजायचा?’’ चवथीला सारे कुटुंब त्याच घरात जमे, माटोळी त्याच दालनात बांधली जाई. ह्या प्रश्नाला कोणता दलाल उत्तर देणार?

आणखी एक गोष्ट पुढे उघडकीस आली. भाटाच्या कोपऱ्यात एका मुंडकाराचे घर आहे. ‘‘त्यांना हलवू,’’ असे दलालाने गिराईकाला परस्पर सांगून ठेवले होते. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना असे हलवता येत नाही. मालमत्तेतील वा हक्कातील दोष ठाऊक असेल तर तो घेणाऱ्याला सांगणे हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मामांना हे कळले तेव्हा त्यांनी रात्रभर डोळा लावला नाही. चार महिने संपले, विसार परत गेला आणि दलाल वर आपली दलाली मागू लागला. ती मामांनी दिली नाही. त्याच संतापात मी ती पाटी रंगवली.

पाटी वर्षभर लटकली. दोनच गिराईके आली; त्यांतील एक रस्ता चुकून आला होता. तेवढ्या काळात आम्ही कागद जमवले. जुने पोर्तुगीज दस्त काढून त्यांची भाषांतरे करून घेतली, वारसांचा लेख विशेष नोटरीपुढे केला, बोजा नसल्याचा दाखला घेतला. खोट्या जुन्या दस्तांच्या आधारे जमिनी लाटल्याच्या तक्रारींवरून 2022 साली सरकारने विशेष तपास पथक नेमले होते. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही बसला. तेव्हापासून गिराईकाचा वकील प्रत्येक कागद दोनदा पाहतो आणि ते योग्यच आहे. शेजारच्या डिचोली तालुक्यातील मये गावात तर कित्येकांची घरे स्वतःची, पण जमीन कस्टोडियनच्या नावावर, अशी स्थिती दशकानुदशके होती. त्यासाठी 2014 साली वेगळा कायदा करावा लागला. भिंती आपल्या असल्या म्हणजे घर विकता येतेच असे नाही.

माणसांचे काम कागदांहून अवघड निघाले. मामा स्वतः मुंबईला गेले, मावशीकडे आठ दिवस राहिले आणि आठवे दिवशी घराचा विषय काढला. गणपती धाकट्या मामांच्या डिचोलीच्या घरी न्यावा असे ठरले. मुंडकाराच्या घराची जागा नकाशात वेगळी दाखवून विक्रीतून वगळली. मस्कतच्या मुलाने व सुनेने भारतीय दूतावासातून साक्षांकित मुखत्यारपत्र पाठवले.

आणि मग, विद्यार्थ्यांनो, मामांनी पुन्हा दलालच बोलावला! मला ते आवडले नाही, हे कबूल करतो. हा गावातलाच मनुष्य होता. मामांनी त्याच्यापुढे साऱ्या कागदांची फाईल ठेवली, शेकडेवारी न ठरवता एक ठोक रक्कम लिहून दिली, ती खरेदीखत नोंदले गेल्यावरच मिळेल असे त्याच कागदावर नमूद केले आणि गिराईकाशी बोलताना आपण स्वतः हजर राहू असे सांगितले. तीन महिन्यांत गिराईक मिळाले. पहिल्या खेपेपेक्षा किंमत थोडी अधिकच आली. मात्र भाटाचा कोपरा वगळूनही ती अधिक कशी आली, ह्याचे श्रेय दलालाला द्यावे, फाईलला द्यावे की मधल्या काळात वाढलेल्या भावांना, हे मला सांगता येणार नाही.

उपनिबंधकांच्या कचेरीत त्या दिवशी आम्ही नऊ जण गेलो होतो. मस्कतच्या दोघांच्या वतीने मधल्या मामींनी सह्या केल्या. अंगठे, छायाचित्रे, सह्या यांत दुपार गेली. दलाल बाहेर बाकावर बसून होता; नोंदणीची पावती हाती येताच मामांनी त्याला ठरलेल्या रकमेचा चेक दिला. चवथीला गणपती डिचोलीला पुजला. माटोळीचे सामान घेऊन मावशीचे यजमान मुंबईहून दोन दिवस आधीच येऊन राहिले होते.