जबड्याची शस्त्रक्रिया : तालुका आणि जिल्हा

कोल्हापूर-सांगली मार्गावरील हातकणंगले परिसरात, विशेषतः ऊसवाहतुकीच्या हंगामात, अपघातात जबडा मोडलेला रुग्ण येणे ही काही अपूर्व घटना नव्हे. अशा रुग्णास उताणे निजविल्यास जीभ मागे पडून व रक्त घशात साचून श्वास कोंडू शकतो. तो शुद्धीवर असून मानेस इजा नसेल, तर त्यास पुढे झुकवून बसवावे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे व रक्तस्राव थांबविणे, एवढे काम ग्रामीण रुग्णालयातच झाले पाहिजे. हाड जुळविणे तज्ज्ञाचे काम असून ते बहुधा काही दिवस थांबू शकते. श्वास थांबू शकत नाही.

म्हणूनच प्रत्येक तालुक्यास मुखशल्यचिकित्सक मागण्यापेक्षा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह कोल्हापुरात एकत्र ठेवून तज्ज्ञांनी ठरलेल्या वारी तालुक्यात तपासणीस येणे अधिक हिताचे. जबड्याच्या तारा तपासणे, तंबाखू-सुपारीने तोंड उघडेनासे झालेल्यांना पाहणे, ही कामे तेथेच उरकतील व रुग्णाची मजुरी बुडणार नाही. दुभंगलेला ओठ साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात, तर टाळू दीड वर्षाच्या आत शिवणे इष्ट असते. शिक्षकांच्या दृष्टीस मूल पडेतो ही वेळ टळलेली असते. तेव्हा नोंद अंगणवाडीतूनच व्हावी.

रुग्ण पाठविण्यापूर्वी दूरध्वनी करावा आणि चिठ्ठीत अपघाताची व शेवटच्या अन्नपाण्याची वेळ लिहावी.