गडावर लपवलेला डबा

मी आज एका खेळाची माहिती लिहिणार आहे. या खेळाचे नाव जिओकॅशिंग. मी त्याला 'डबा शोधणे' म्हणतो.

कोणीतरी एका जागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन जागा शोधायची. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तिथेच ठेवायचा. पहिला डबा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी लपवला. त्याआधी उपग्रहांच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक ठेवीत असे. ती चूक त्याच आठवड्यात काढून टाकली, म्हणून साध्या माणसालाही नेमकी जागा कळू लागली.

आता थोडे गणित. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एका अंशाची ६० मिनिटे, म्हणून एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर. एका मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून एक सेकंद सुमारे ३१ मीटर. मोकळ्या आकाशाखाली मोबाईल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. पुढचे काम डोळ्यांनी करायचे.

आमच्या बाईंनी हा खेळ आम्हाला गोपाळगडाजवळ घेतला. शहरात बाग असते, आपल्याला गड आहे! बाईंनी फळ्यावर अक्षांश १७.५७ असा लिहिला. आमच्या गटाने तो १७ अंश ५७ मिनिटे असा वाचला. मग बाईंनी हिशोब करायला लावला. ०.५७ ला ६० ने गुणले तर ३४.२ मिनिटे येतात. म्हणजे आम्ही सुमारे ४२ किलोमीटर उत्तरेला, पार बाणकोटच्या बाजूला डबा शोधत बसलो असतो. सगळा वर्ग हसला. पण दशांश चिन्ह आता जन्मात विसरणार नाही.

वाटेवर प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. पहिला प्रश्न, गड इथेच का बांधला? उत्तर समोरच दिसले. खाली वाशिष्ठीचे मुख आणि पलीकडे दाभोळ. दाभोळ बंदरात जाणारे प्रत्येक गलबत या गडासमोरूनच जाई. दुसरा प्रश्न, खंदक कोणत्या बाजूला? जमिनीच्या बाजूला, कारण समुद्राकडे उतार आहेच. तिसरा प्रश्न, नाव कोणी दिले? हा गड विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. १६६० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांनी घेतला. १६९९ मध्ये सिद्दी खैरतखानाकडे गेला. १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी जिंकून त्याचे नाव गोपाळगड ठेवले. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या दिवशी डबा लपवण्याची पाळी माझी होती. कोणाला सापडू नये म्हणून मी तटाचा एक सुटा जांभा ओढून काढला आणि मागच्या पोकळीत डबा सारला. मला वाटले, काय डोके लढवले! घरी येऊन फुशारकीने सांगितले तर आजोबा गप्पच झाले. मग म्हणाले, "अरे, तोफा सोसून जो धोंडा हलला नाही, तो तू डब्यासाठी काढलास? आणि जांभ्याच्या सांदीत फुरसं बसतं ते ठाऊक नाही होय तुला?" माझ्या पोटात गोळाच आला. रात्रभर झोप नाही. सकाळी बाईंना सगळे खरे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. माझ्याबरोबर आल्या. काठीने आधी सांद चाचपली, डबा बाहेर काढला आणि धोंडा होता तसा बसवला. तेव्हा कळले, की एक धोंडा निघाला तर पावसाचे पाणी आत शिरते आणि शेजारचे धोंडेही सुटतात.

म्हणून आम्ही नियम केले आहेत :

१. जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही.
२. तट, बुरूज, देऊळ, समाधी यांचा दगड हलवायचा नाही. खणायचे नाही.
३. भोकात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही.
४. डब्यात खाऊ ठेवायचा नाही, जनावरे फोडतात.
५. एकट्याने जायचे नाही.

आता आमचा डबा गडाबाहेर, विचारून घेतलेल्या जागी एका झाडाला बांधून ठेवला आहे. वहीत नावाबरोबर गावाची एक जुनी आठवणही लिहायची असते. परवा आजोबा काठी टेकत माझ्याबरोबर आले. त्यांनी लिहिले, "लहानपणी या तटावर बसून बापाच्या होडीची वाट बघत असे." ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती.

पालकांनो, वहीची अजून बरीच पाने कोरी आहेत. तुम्हीही या आणि एक आठवण लिहा.

इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, अंजनवेल