प्रकाश सापळा, ओली जमीन आणि मुले : शेतावरील विद्युत सुरक्षेचा पाठ

वळवाच्या पहिल्या दमदार सरीनंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खाण्यासाठी जमतात. महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊस असो की राजस्थान व गुजरातमधील भुईमूग, हुमणीग्रस्त भागात सामुदायिक भुंगेरे निर्मूलन मोहिमेची शिफारस आपण वर्षानुवर्षे करीत आहोत. झाडाच्या फांद्या आकडीने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, शेतात प्रकाश सापळे लावावेत, असे त्या शिफारशीचे स्वरूप असते. या मोहिमेत सर्वांत उत्साहाने कोण उतरते, हे प्रत्येक विस्तार कार्यकर्त्यास ठाऊक आहे. शाळेला सुट्टी असते, भुंगेरे वेचणे हा मुलांना खेळ वाटतो आणि त्यांची नजरही आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

परंतु सापळ्यातील दिव्यास वीज कोठून घ्यावी, हे आपल्या घडीपत्रिकांत क्वचितच लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती विहिरीवरील मोटारीच्या पेटीतून, जागोजागी जोड दिलेल्या दोनपदरी वायरने, ओल्या बांधावरून ओढत आणली जाते. दिव्याखाली पाण्याचे घमेले, सभोवती चिखल, अंधार आणि अनवाणी मुले. ज्या फांद्या हलवायच्या त्यांच्यावरून कित्येकदा वीजवाहिनी गेलेली असते. कीटकनाशकाच्या हाताळणीबाबत आपण जितके काटेकोर असतो, तितकेच याबाबतही असावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

भीती नव्हे, वाट शिकवावी

मुलांना वीज शिकविण्याची आपली रूढ पद्धत म्हणजे 'हात लावू नको, शॉक बसेल' एवढेच सांगणे. त्याच मुलासमोर वडील दाताने वायर सोलतात, दोन टोके उघड्या खाचेत खोचतात आणि त्यांना काहीही होत नाही. मूल त्यातून एवढाच अर्थ काढते की मोठे झाल्यावर शॉक बसत नाही. कारण न सांगता घातलेला नियम असा एका दृश्याने पुसला जातो.

कारण समजावण्यासाठी घराघरांत एक उत्तम साधन आहे : डास मारण्याची रॅकेट. तिच्यात जाळीचे थर एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात आणि लगतच्या दोन थरांमध्ये विद्युतदाबाचा मोठा फरक असतो. डास केवळ एकाच जाळीला चिकटून राहिला, तर त्यास काहीही होणार नाही. त्याचे शरीर दोन जाळ्यांमधील अंतर जोडते, विजेस वाट मिळते आणि ठिणगी उडते. रॅकेट मोठ्या माणसाने हातात धरून हे दाखवावे. कळ सोडल्यानंतरही काही काळ जाळीत भार शिल्लक असतो, म्हणून तिला बोट लावून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

यानंतर मुलांना विचारावे : तारेवर बसलेल्या कावळ्यास काही का होत नाही? उत्तर तीच मुले देतात. कावळा एकाच 'जाळी'वर आहे. पुढचा प्रश्न महत्त्वाचा : आपली दुसरी जाळी कोणती? रोहित्रातील न्यूट्रल जमिनीस जोडलेला असतो, त्यामुळे पायाखालची जमीन हीच दुसरी जाळी ठरते. आपण सदैव तिच्यावर उभे असतो. फक्त एक हात पहिल्या जाळीस लागण्याचा अवकाश. कोरडी चप्पल, कोरडे लाकूड, वायरवरील अखंड वेष्टन या गोष्टी ती वाट अडवितात. पाणी, घाम, चिखल, धातू ती खुली करतात. दहा वर्षांच्या मुलास एवढे पुरेसे आहे आणि ते विसरले जात नाही.

मोठ्या मुलांना आकडेही द्यावेत. ओल्या त्वचेच्या माणसाचा विद्युतरोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्ट दाबाखाली त्याच्या शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. 'वीज ओढून धरते' असे आपण म्हणतो, वस्तुतः आपलीच मूठ आवळली जाते. साधारण 30 मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. 15 वॅटचा जुना 'झिरो' बल्ब सुमारे 65 मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्या मंद दिव्यास लागणारा प्रवाहही प्राण घेण्यास पुरेसा आहे. मुलाचे शरीर लहान असल्याने त्याच्या बाबतीत या मर्यादा आणखी खाली येतात.

याच आकड्यांतून पालकांचा एक दृढ गैरसमज दूर करता येतो. 'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. 16 अँपिअरचा एमसीबी वायर तापून जळू नये यासाठी असतो. माणसाच्या शरीरातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतो. शॉकपासून संरक्षण देते ते 30 मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. घरगुती जोडणीवर आणि वीजवाहिनीवर चालणाऱ्या सापळ्याच्या जोडणीवर ते असलेच पाहिजे.

तुटलेली तार आणि बैल

वादळानंतर तार तुटून ओल्या रानात पडली की बैल किंवा म्हैस दगावल्याच्या वार्ता येतात. जनावराने तारेस स्पर्श केलेलाच असतो असे नाही. तार जेथे जमिनीस टेकते, तेथून विद्युतदाब सभोवती कमी कमी होत जातो. बैलाचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून बरेच दूर असल्याने त्यांच्यातील दाबाचा फरक मोठा असतो आणि प्रवाह छातीमधून वाट काढतो. धावणाऱ्या मुलाची लांब ढांगही असेच काम करते. म्हणून मुलांना दोन गोष्टी शिकवाव्यात : पडलेल्या तारेच्या जवळ जायचे नाही, जनावर तेथे अडकले असले तरीही नाही. आणि आपण चुकून जवळ असल्याचे लक्षात आले, तर दोन्ही पाय जुळवून, पाऊल न उचलता, घसटत दूर सरकायचे. हे अंगणात खडूने वर्तुळे आखून खेळासारखे करवून घेता येते. त्यानंतर मोठ्यांनी 1912 या क्रमांकावर वीज वितरण कंपनीस कळवावे.

ताण तार व विजेचा खांब यांना जनावर बांधू नये, हे मुलांना सांगण्यापूर्वी आपण पाळावे लागेल.

कुंपण, मुंग्या, पॅनेल

रानडुकरांसाठी लावलेल्या सौर कुंपणाचा झटका तीव्र असतो, पण तो अत्यल्प काळाचा असून दोन झटक्यांमध्ये साधारण एक सेकंदाचे अंतर असते. त्यामुळे स्पर्श झालेला प्राणी सुटू शकतो. थेट वीजवाहिनीतून प्रवाह सोडलेल्या तारेत हा अवकाशच नसतो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय रात्री त्या वाटेने कोण येईल, हे तार लावणाऱ्याच्या हाती नसते. मुलांना दोन्हींमधील फरक ओळखावयास शिकवू नये, कोणत्याही कुंपणाच्या तारेस हात लावायचा नाही एवढेच शिकवावे.

स्टार्टरच्या पेटीत मुंग्या व पाली हमखास सापडतात. काही जातींच्या मुंग्या विजेच्या धक्क्याने मरताना इशारागंध सोडतात, त्याने आणखी मुंग्या ओढल्या जातात आणि संपर्क बिंदू मृत मुंग्यांनी भरून जातात. कीटकशास्त्रज्ञास हे वर्तन मनोरंजक वाटेल, पण मुलाचे कुतूहलही तितकेच जागे होते आणि ते काडीने पेटी उकरू लागते. पेटीचे झाकण बंद असावे, तिला अर्थिंग असावे व तिची उंची लहान मुलाच्या हाताबाहेर असावी.

सौर पंपाची पॅनेले निरुपद्रवी समजली जातात. उन्हात ती बंद करता येत नाहीत. पंप थांबविला तरी पॅनेलकडील वायरमध्ये दाब राहतो आणि जोडणीनुसार तो शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. पॅनेलच्या सावलीत खेळणे व वायरींना लोंबकळणे बंद करावे.

मोहिमेतील मुलांची जागा

मुलांना मोहिमेतून वगळावे, असे येथे सुचवायचे नाही. सापळा बॅटरीवरील 6 किंवा 12 व्होल्टचा सौर एलईडी प्रकारचा निवडावा. वीजवाहिनीवरील सापळा अपरिहार्य असेल तेथे तीनपदरी अखंड केबल, आरसीसीबी आणि जोडणी करणारा एकच जबाबदार प्रौढ असावा. सापळ्याभोवती चुन्याने रेषा आखून तिच्या आत मुलांना येऊ देऊ नये. फांद्या हलविण्याची झाडे दिवसाच पाहून ठेवावीत आणि ज्यांच्यावरून किंवा शेजारून तार गेली आहे ती वगळावीत. धातूची आकडी वापरू नये, ओल्या बांबूवरही भरवसा ठेवू नये. मुलांकडे भुंगेरे वेचणे, दुसऱ्या दिवशी पुरवठा तोडल्यानंतर त्यांची मोजणी करणे आणि सापळ्यात आलेले मित्रकीटक वेगळे ओळखणे ही कामे द्यावीत. नोंदवहीत तारीख, पाऊस व भुंगेऱ्यांची संख्या लिहिणारी मुले पुढील वर्षीच्या मोहिमेस मोठा आधार ठरतात.

मोहिमेपूर्वीच्या बैठकीत एक सराव अवश्य घ्यावा. एकाला शॉक बसतो आणि त्यास ओढावयास गेलेला दुसरा दगावतो, ही अनेक कुटुंबांची शोकांतिका आहे. आई किंवा भाऊ चिकटलेला दिसताच मूल धावून बिलगते, कारण तेच स्वाभाविक असते. म्हणून भरलेले पोते तारेजवळ पडलेला माणूस मानून प्रत्येक मुलाकडून कृती करवून घ्यावी : जागीच थांबणे, हात न लावणे, मोठ्याने ओरडणे, मोठ्या माणसाकडे पळणे. घरातील मेन स्विच कोणता, हे बारा वर्षांवरील मुलांना दाखवून तो बंद करण्याचा सराव द्यावा. शेतावरील पेटी व रोहित्रावरील डीओ मात्र त्यांच्या कक्षेबाहेर ठेवावेत. प्रौढांना पुरवठा तोडल्यानंतर श्वास व नाडी पाहणे, आवश्यकतेनुसार छातीवर दाब देणे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलाविणे शिकवावे. हे प्रात्यक्षिक तालुक्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडून, शक्यतो मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळीव येण्याच्या आत उरकून घ्यावे.