परतीच्या पावसात पडणारी भिंत

आमच्या दिंद्रुड भागात काळ्या जमिनीवरची बागेची भिंत मृगात क्वचितच पडते. तिची वेळ परतीच्या पावसाची. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तशी भिंतीमागची मातीही आकसते आणि भिंतीपासून दोन बोटं सुटते. त्या फटीत वाऱ्याने, शेळ्यांच्या पायाने, वळवाच्या पहिल्या सरीने सुटी माती आणि ढेकळं जाऊन बसतात. मग मृगाचं पाणी पडलं की माती पुन्हा फुगते, पण तिची मूळ जागा ढेकळांनी अडवलेली असते. मागे सरकायला वाव नाही, म्हणून ती पुढे रेटते. दरवर्षी थोडं. ऑगस्टपर्यंत भेगा मिटतात आणि काळी माती पाणी खाली सोडणं जवळपास बंद करते. त्यानंतर सप्टेंबरअखेर जो पाऊस येतो, त्याचं पाणी भिंतीमागे साचून राहतं. भिंत तोवर पुढे कललेली असतेच. पडली की लोक पावसाला दोष देतात.

२०२१च्या सप्टेंबरअखेरीस गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले, मांजरेला पूर आला, तेव्हा आमच्या घरामागची भिंत गेली. घरामागे परसबाग आहे आणि ओढ्याच्या अंगाला जमीन एकदम पाच फूट खाली उतरते. मी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कामावर गावोगाव फिरत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एका गुत्तेदाराकडून तिथे भिंत बांधून घेतली होती. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा, वर पिवळा रंग. दिसायला झकास. सकाळी उठून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त भिंत ओढ्यात, आणि तिच्यामागोमाग लिंबाचं एक झाड. अण्णा म्हणाले, "शिमिट कमी टाकलं असंल." गावात पडलेल्या प्रत्येक भिंतीचं निदान हेच असतं. पण गिलावा फोडून पाहिला तेव्हा माल चांगला निघाला.

दोष दुसरीकडे होते, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक भिंतींत असतात म्हणून सांगतो. पाया दीड फूट खोल, तोही काळ्या मातीतच. भिंतीमागे भर म्हणून पाया खोदताना निघालेलीच माती, ढेकळांसकट, कोरडी लोटून दिलेली. पाणी निघायला दोन पाइप ठेवले होते, पण गिलावा करताना त्यांची तोंडं बुजवून टाकली, कारण ती चांगली दिसत नव्हती. आणि न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी भिंतीला लागून केळी लावलेल्या. केळी उत्तम आल्या होत्या. त्या कोपऱ्यातली माती बाराही महिने फुगलेली आणि बाकीची उन्हाळ्यात आकसलेली. भिंतीला पहिली तिरपी चीर बरोबर तिथेच गेली होती.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय हे पटत नाही. पाच फूट म्हणजे दीड मीटर. तेवढ्या उंचीचं पाणी भिंतीमागे साचलं तर भिंतीच्या एक मीटर लांबीवर आडवा रेटा बसतो सुमारे अकराशे किलोंचा. मातीचा रेटा वेगळा. आणि नऊ इंची विटांच्या त्या भिंतीचं मीटरमागे स्वतःचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. तीच भिंत तीन फुटांची असती तर पाण्याचा रेटा चारशे किलोंवर आला असता. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणून पाच फुटांची एक भिंत बांधण्यापेक्षा अडीच-अडीच फुटांच्या दोन पायऱ्या करणं केव्हाही शहाणपणाचं, फक्त दोन भिंतींमधलं अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी हवं. बागेला पायऱ्या शोभूनही दिसतात. एखादी भिंत चार फुटांपेक्षा उंच करावीच लागत असेल तर मात्र ती गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, अभियंत्याकडून आखून घ्या. भिंतीखाली माणसांची वर्दळ असेल तर हे जास्तच लागू. २०१९च्या जून-जुलैमध्ये पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भर पावसात भिंती कोसळल्या. कोंढव्यात १५ माणसं गेली, मालाडला त्याच्या दुप्पट. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या पायथ्याशी झोपड्या होत्या.

काळी माती फुगताना किती जोर लावते, हे आम्ही कालव्यावर पाहिलेलं आहे. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचं माजलगाव धरण, सिंदफणेवरचं, आणि त्याच्या कालव्यांचा सगळा मुलूख काळ्या जमिनीचा. काळ्या मातीवर थेट अस्तरीकरण केलं तर काँक्रीट फुटतं, फरशा उचलल्या जातात. यावरचा उपाय आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दिला: काळी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या मुरमाचा, साधारण मीटरभर जाडीचा दाबून बसवलेला थर. नुसती वाळू टाकून हे साधत नाही. वाळू पाणी आत घेते आणि काळीला धरून ठेवत नाही. कालव्याला जे लागू, ते बागेच्या भिंतीलाही लागू. काळी माती भिंतीला टेकूच द्यायची नाही.

नवी भिंत आम्ही कोरड्या दगडाची केली. सिमेंट नाही. गावातले लोक हसले, पण याच लोकांच्या शेतातल्या जुन्या विहिरी दगडांनी बांधलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे भर पावसाळ्यात केवढा ओलावा असतो! सांध्यांतून पाणी आत झिरपतं, म्हणून मागे साचत नाही. अर्थात विहीर गोल असते, तिचे दगड एकमेकांनाच आवळून धरतात. सरळ भिंतीला ती सोय नाही, तिला स्वतःच्या वजनावर आणि कलावर उभं राहावं लागतं.

काम एका म्हाताऱ्या वडार मामांनी केलं. मी त्यांना विचारलं, पुढच्या बाजूने तरी सांधे भरायचे का? ते म्हणाले, "सायब, शिमिट मारलं की आत दगड कसा बसलाय ते कुणालाच दिसत न्हाई. म्हणून तर मारत्यात." त्यानंतर मी विचारलं नाही.

त्यांची पद्धत आणि माझं गणित जिथे जुळलं ते असं. आधी उन्हाळ्यात, भेगा उघड्या असताना, भेगेत बारीक सळई सोडून ती कुठवर जाते ते पाहिलं. पाया त्याच्या खाली न्यायचा, किंवा त्याआधी मुरूम लागला तर मुरमावर बसवायचा. आमच्याकडे धारूरच्या डोंगराच्या बाजूला हातभर खोदलं की मुरूम लागतो, नदीच्या अंगाला पुरुषभर खोदूनही काळीच निघते. जिथे मुरूम लागतच नाही तिथे चर जास्त रुंद आणि खोल घ्यावी आणि बाहेरून आणलेला मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत, बेताचं पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरावा. एकदम ट्रॉली ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे दाबणं नव्हे.

तळाला भिंतीची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त हवी. म्हणजे तीन फुटांच्या भिंतीला दोन फूट. दर्शनी बाजू ओळंब्यात न ठेवता प्रत्येक फुटामागे दोन इंच मातीकडे कलती घेतली. सगळ्यात मोठे दगड खाली आणि प्रत्येक दगडाची लांब बाजू आत, मातीच्या दिशेने. दर्शनी भाग रुंद दिसावा म्हणून दगड आडवे लावतात, ती शोभा महागात पडते.

आरपार दगडांबाबत मात्र मी मामांनाही सूट दिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात ज्या घरांनी माणसं मारली, त्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. पण त्या प्रत्यक्षात दोन भिंती होत्या, एक आतली आणि एक बाहेरची, मध्ये माती आणि चिपा. दोघींना जोडणारा दगड नव्हता, म्हणून त्या फाकल्या आणि वरचं माळवद खाली आलं. बांधकामाच्या भारतीय मानकांत लिहिलेलं आहे की उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत एक दगड भिंतीच्या आरपार हवा. ते घरांसाठी आहे, पण रेटा सोसणाऱ्या भिंतीलाही हाच नियम लावावा. तेवढा लांब दगड खाणीतून सांगून आणावा लागतो. डबराच्या ट्रॉलीत तो आपोआप येत नाही.

भिंतीच्या पाठीशी एक फूट रुंद खडी, खालपासून जवळपास वरपर्यंत. तिच्यामागे बारीक खडीचा आणि जाड कचेचा पट्टा, म्हणजे मुरमातली माती खडीत उतरून ती बुजत नाही. त्याच्यामागे दोन फूट दाबलेला मुरूम, आणि मग काळी. मोठ्या गावातून जिओटेक्स्टाइल कापड आणता आलं तर कचेऐवजी ते वापरा, पण सिमेंटच्या गोण्या किंवा शेततळ्याचं प्लॅस्टिक नको. झाडांसाठी वरचा फूटभर थर काळ्या मातीचा दिला, भिंतीकडून आत उतार ठेवून. वरचं पाणी भिंतीवरून न जाता कडेच्या नालीने बाजूला निघतं.

कुणाला सिमेंटमध्येच दगडी भिंत हवी असेल तर तीही टिकते. फक्त चार-पाच फुटांवर तीन इंची पाइप, पहिली ओळ खालच्या जमिनीच्या किंचित वर, बाहेर उतार देऊन, आणि आतल्या तोंडाशी खडी. चांगला दगड बसवणारा माणूस मिळत नसेल, आणि आता तो मिळणं अवघडच आहे, तर तारेच्या जाळीतल्या दगडांची गॅबियन भिंत करा. पाणलोटाच्या कामांत नाल्यावर असे बंधारे गावोगाव झालेत. जमीन हलली तर गॅबियन थोडी वाकते, तुटत नाही, आणि काळ्या जमिनीला असलीच भिंत मानवते. जाळी मात्र जस्ताचा चांगला थर असलेली घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावून केलेली एक गॅबियन मी पाहिली आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

मुरूम घेताना फसगत होते. लाल दिसला म्हणजे चांगला असं नाही. चाळून वाळवलेल्या मुरमाची चिमूट-चिमूट दोन सारख्या अरुंद काचेच्या नळ्यांत टाका, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. दिवसभर तसंच राहू द्या. रॉकेलने माती फुगत नाही, पाण्याने फुगते. दोन्हींत तळाचा थर साधारण सारखा राहिला तर मुरूम घ्या. पाण्यातला दीडपट झाला तर हायवा परत पाठवा. पूर्वी रॉकेल रेशनवर मिळायचं, आता ते शोधायलाच मुरमापेक्षा जास्त फिरावं लागतं.

भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका. ठिबकची शेवटची नळी आणि न्हाणीचं पाणी दहा फुटांच्या आत नको. वहिनींच्या केळी आम्ही आत हलवल्या, वहिनी महिनाभर नाराज होत्या. भिंतीच्या कडेला वाळा किंवा गवती चहा लावावा, त्यांची मुळं माती धरतात आणि दगड फोडत नाहीत. पिंपळ-उंबराचं रोप सांध्यात दिसलं तर बोटभर असतानाच उपटा.

आणि जुनी भिंत कलू लागली असेल तर? बाहेरून टेकू देऊन, वरून पुन्हा गिलावा करून ती सरळ होत नाही. वैशाखात, माती सुटलेली असताना, मागची भर खालपर्यंत काढून टाका, रेटाच नाहीसा करा, आणि मग भिंत वरून उतरवत या. ओल्या मातीत, पावसाळा डोक्यावर असताना, पायथ्याशी उभं राहून हे काम कुणालाही सांगू नका. मागे सरकून मुरमाची पाठ देऊन तेच दगड पुन्हा रचता येतात. आमच्या पडक्या भिंतीच्या विटा मात्र पायवाटेलाच लागल्या.