‘पुरावे’ नावाचं फोल्डर

आजचं वाचन : मत्तय 18:21-35



हा दृष्टांत मी संडेस्कूलपासून ऐकतोय. राजा, कर्जात बुडालेला चाकर, त्याला मिळालेली माफी, आणि बाहेर पडताच त्याने आपल्याच सोबत्याचा धरलेला गळा. ऐकताना मी कायम राजाच्या बाजूला उभा असायचो. चाकराचा राग यायचा. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री माझी जागा बदलली.

त्या रात्री एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला. तीन वर्षांनी. ‘तुमच्याकडे ओपनिंग आहे असं कळलं. रेफर करशील का?’

तीन वर्षांपूर्वी आम्ही एकाच टीममध्ये होतो. एका जुन्या डेटाबेसचं मायग्रेशन मी चार महिने खपून केलं, बऱ्याच रात्री जागून. क्लायंटसमोर डेमो त्याने दिला आणि त्यात माझं नाव एकदाही आलं नाही. अप्रेजलमध्ये त्याला प्रमोशन, मला ‘आणखी पुढाकार घ्यायला हवा’ असा शेरा. त्याच वर्षी बाबांची बायपास झाली होती. वाढीव पगार कुठे कुठे लागेल, हे मी मनात मांडून बसलो होतो.

मी भांडलो नाही. मी फोनमध्ये एक फोल्डर केलं : ‘पुरावे’. तारखा, स्क्रीनशॉट, कोण कधी काय म्हणालं. एकूण 37 नोंदी. नोकरी बदलली, फोन बदलला, फोल्डर नव्या फोनमध्ये आलं. मेसेज वाचल्यावर मी आधी काय केलं असेल? ते फोल्डर उघडलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाचनात हाच उतारा! (प्रभूला विनोदबुद्धी आहे, हे माझं जुनं मत आहे.)

सवयीने मी आकडे मांडले. चाकराचं कर्ज दहा हजार तालांत. ग्रीकमध्ये दहा हजार ही एका शब्दात सांगता येणारी सर्वांत मोठी संख्या आणि तालांत हे पैशाचं सर्वांत मोठं माप. इतिहासकार जोसेफस सांगतो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला 200 तालांत महसूल मिळायचा. म्हणजे हे कर्ज त्या अख्ख्या मुलखाचा 50 वर्षांचा महसूल. एका तालांताचे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. फेडायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागली असती. तरी हा माणूस राजाकडे काय मागतो? मुदत! सगळं फेडीन म्हणतो.

आता दुसरं कर्ज. शंभर दिनार. आपण उपदेशात ऐकतो की ही रक्कम किरकोळ होती. मला हे पटत नाही. शब्बाथ वगळला तर शंभर दिवसांची मजुरी म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई. माझ्या मायग्रेशनएवढीच! येशू इथे ‘तुझं काहीच गेलं नाही’ असं म्हणत नाही. गेलंय, चार महिन्यांचं गेलंय. क्षमा करायची म्हणजे झालेलं नुकसान खोटं ठरवायचं, असा अर्थ मी इतकी वर्षं लावत होतो. म्हणूनच ती जमत नव्हती.

पेत्र ‘किती वेळा’ विचारतो तेव्हा जे क्रियापद वापरतो, तेच राजाने कर्ज सोडलं तिथे आहे : आफिएमी, सोडून देणे. चौथ्या अध्यायात पेत्राने जाळी सोडली, तिथेही हेच. हातातली वस्तू हातातून जाऊ देणं. आणि सत्तर आणि सात हे आकडे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेखाच्या तोंडी आहेत, तिथे ते सूडाचे आहेत. येशू तेच माप क्षमेला लावतो.

मला वाटतं, चाकराला माफी मिळाली हे त्याला खरं वाटलंच नसावं. मुदत मागून आत गेला होता, बाहेर आला तोही वसुली करतच. राजाने वही फाडली होती, याची वही मात्र अजून बगलेत होती. माझ्या खिशात फोन.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायलाच हवी. याच अध्यायात, थोडं आधी, 15व्या वचनात येशू सांगतो की भावाने अपराध केला तर जाऊन त्याला एकांतात सांग. हे मी तीन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. गप्प राहण्यालाच मी क्षमा समजत होतो. आणि ज्यांना कुणी मारतंय, छळतंय, त्यांनी ‘क्षमा कर’ या शब्दाखाली तिथेच राहावं असं हा उतारा कुठेही म्हणत नाही. क्षमा एकट्याने करता येते, विश्वास पुन्हा बसायला दोघं लागतात.

शनिवारी मी त्याला फोन केला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, “रेफरलचं बोलू, पण आधी एक सांगायचंय. त्या डेमोत तू माझं नाव घेतलं नाहीस. त्याचा मला खूप त्रास झाला.”

थोडा वेळ तो गप्प. मग, “अरे, तुला ते अजून आठवतंय?”

मनात राग उसळला. मला वाटलं होतं तो सॉरी म्हणेल. नंतर इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, “तेव्हा मीही फार घाबरलेलो होतो रे.” तेवढंच. माफी म्हणावी का याला? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण चार महिन्यांचं कर्ज तो फेडू शकत नाही, हे त्या क्षणी लख्ख दिसलं. मी कशाची वाट पाहत होतो?

रेफरल दिला. फॉर्ममध्ये जे खरं ते लिहिलं : कोडिंग उत्तम, प्रेशरखाली शांत. टीमवर्कच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

फोल्डर डिलीट केलं. पण डिलीट केलेलं 30 दिवस फोनमध्येच राहतं. आज 12वा दिवस. काल रात्री मी तिथे जाऊन पाहिलं. सगळं होतं. ‘रिकव्हर’च्या बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं.

प्रार्थना : प्रभू येशू, उरलेले 18 दिवस माझ्याबरोबर राहा. त्याचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे, त्याला शांत मन दे. आणि तो आमच्याच मजल्यावर बसायला आला तर पहिल्या दिवशी त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन जायची मला ताकद दे. आमेन.