दुबईचा माल आणि पाच टक्क्यांचा कागद

उल्हासनगरच्या मालाची एक जुनी थट्टा बाजारात सर्वांना ठाऊक आहे. मालावर 'मेड इन यूएसए' छापायचे आणि कोणी हटकले तर सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! माल कुठला हे झाकण्यातच तेव्हा नफा होता. आता मामला उलटा झाला आहे. दुबईला जाणारी जीन्स हिंदुस्थानात बनली, हे सांगणाऱ्या कागदाला रोख किंमत आली आहे. तरीही आमच्या ओळखीचे अनेक कारखानदार त्याकडे लक्ष देत नाहीत.

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्यापार करार झाला व १ मे २०२२ पासून तो लागू झाला. तयार कपड्यांवर तिकडे ५ टक्के आयात शुल्क होते, ते भारतीय मालाला माफ झाले. मात्र ही माफी आपोआप मिळत नाही. माल मूळचा कुठला याचा दाखला, म्हणजेच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, मालासोबत लागतो. त्याचा अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएफटीकडे, ऑनलाइन करावा लागतो.

कोणी म्हणेल, शुल्क तर दुबईचा व्यापारी भरतो, आपल्याला काय? आम्हीही असेच समजत होतो. पहिल्या खेपेला आमच्या दलालाने 'दाखला नंतर बघू' म्हटले आणि आम्ही मान डोलावली. गिऱ्हाइकाने शुल्क भरले आणि आमच्या बिलातून बिनदिक्कत कापून घेतले. दहा लाखांच्या मालावर पन्नास हजार! जीन्सच्या धंद्यात कधी कधी सगळा नफाच तेवढा असतो.

दाखल्यासाठी हिशेब चोख हवा. सुती जीन्सचा कोड पुरुषांसाठी ६२०३.४२ आणि स्त्रियांसाठी ६२०४.६२ आहे. बिलावर एक आणि दाखल्यावर दुसरा कोड असेल तर माल अडकतो. शिलाई आपल्याकडची म्हणून माल भारतीय ठरतोच असेही नाही. डेनिम अहमदाबादचे की चीनचे, झिप आणि बटणे कुठली, हे खर्चाच्या तक्त्यात दाखवावे लागते. इथेच आपली गाडी रुतते. वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले, तेव्हापासून पुष्कळ धुलाई बिनबिलाची होते. अंबरनाथ-बदलापूरकडे शिलाईला दिलेल्या कामाची नोंद तर अनेकदा वहीच्या पानावरच राहते. बिल नसलेला खर्च तक्त्यात कसा दाखवणार?

आपले बहुतेक बांधव स्वतः माल पाठवत नाहीत, मुंबईच्या निर्यातदाराला विकतात. मग दाखला त्याच्या नावाने निघतो, सरकारी सवलतीही त्यालाच मिळतात. त्यात गैर काही नाही, पण भाव ठरवताना ही गोष्ट बोलून घ्यावी. आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. निर्यातदार ०.१ टक्के जीएसटीवर माल मागतो तेव्हा तुमच्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. गेला नाही तर उरलेला कर तुमच्या माथी येतो. म्हणून शिपिंग बिलाची प्रत मागून घ्यावी आणि त्यावर आपला जीएसटी नंबर व बिल नंबर आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.