शेपटी हलते आहे, पण हिरड्या बघितल्यात का?

गोचीड तापाची खरी भीती ही, की हा आजार मध्येच बरा झाल्यासारखा दिसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, ताप आला. जेवण अर्धवट टाकून उठायचा, जिना चढायला कंटाळायचा. जवळच्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन मिळालं. रक्त तपासण्याचा विषयच कुणी काढला नाही. दोन दिवसांत तो पुन्हा ताटलीवर तुटून पडू लागला आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात एका सकाळी तो शिंकला आणि फरशीवर रक्ताचे थेंब उडाले. उताणा करून बघितला, तर मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस विरळ असतात तिथे, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बोटानं दाबले तरी ते पुसट होत नव्हते. कातडीखाली रक्त झिरपलं होतं.

निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण 2 ते 5 लाख असतात. भुऱ्याच्या 20 हजारांच्याही खाली गेल्या होत्या. रोगाचं नाव एर्लिकिया. हा जिवाणू गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. पहिला ताप दोन-चार आठवड्यांत आपोआपही ओसरतो, पण जिवाणू जातोच असं नाही. कुत्रा खातो, खेळतो, भुंकतो आणि आतल्या आत आजार महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मग काही कुत्र्यांमध्ये तो थेट अस्थिमज्जेवर उठतो. रक्त बनणंच थांबलं की डॉक्टरांच्या हातात फारसं उरत नाही. भुऱ्याची मज्जा तोवर शाबूत होती. गल्लीतल्या एका धिप्पाड लॅब्रॅडॉरचं रक्त जुळवून त्याला चढवलं आणि तो वाचला. कुत्र्यांनाही रक्तगट असतात, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देता येतं, हे अनेकांना वेळ आल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पावसाळ्यात किंवा त्यानंतर कुत्र्याला ताप आला, तर इंजेक्शनबरोबर सीबीसीही, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही, करून घ्या. डॉक्टर म्हणाले नाहीत तर आपण म्हणावं; त्यात त्यांचा अपमान नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन उत्तम लागू पडतं आणि बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांतच टवटवीत दिसू लागतात. नेमका इथेच घात होतो: बरा दिसला म्हणून गोळ्या मध्येच थांबवल्या जातात. गोळ्या साधारण 28 दिवस द्याव्या लागतात. रिकाम्या पोटी दिल्या तर उलटी होते, म्हणून जेवणाबरोबर द्याव्यात. दुधातून मात्र देऊ नयेत. कोर्स संपल्यावर सीबीसी पुन्हा करावी. रक्तातल्या प्रतिपिंडांवर चालणारी किट बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून धसका घेऊ नये. गोळ्या चालू असूनही हिरड्या पांढऱ्या पडत गेल्या किंवा लघवी गडद तांबूस झाली, तर बबेसिया आहे का ते बघायला सांगा. तोही गोचिडातूनच येतो, दोन्ही एकदम असू शकतात, आणि बबेसियाची औषधं वेगळी.

प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस द्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. गोळ्यांऐवजी तर नाहीच नाही. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. ती पोटात व्रण पाडते, मूत्रपिंडं बिघडवते, आणि प्लेटलेट आधीच कमी असताना रक्तस्राव जिवावर बेततो.

आता हिरड्यांचं. नाक कोरडं म्हणजे ताप, हा समज सोडून द्यावा. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं रोजचंच. आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबावी. ती पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. आपल्या गावठी कुत्र्यांपैकी अनेकांच्या हिरड्या काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा.

पण हे सगळं कुत्रा करू देईल तर ना! बसायला, हात द्यायला सगळे शिकवतात, अंगाला हात लावू द्यायला शिकवत नाहीत, आणि मग दवाखान्यात चार माणसं त्याला दाबून धरतात. पिल्लू असल्यापासून रोज थोडा वेळ कान उलटा करून बघा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. पंजाची बोटं विलग करा, पुन्हा तुकडा. त्यानं मान फिरवली तर थांबा, ओढाताण करू नका. मोठं कुत्रंही हे शिकतं, वेळ थोडा जास्त लागतो. गोचीड नेमके याच जागी लपतात: कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. सापडला की चिमट्यानं कातडीला लागून पकडावा, सरळ वर ओढावा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. रॉकेल, फिनेल, पेटती काडी यातलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नये. नखांवर चिरडण्याची आपल्याकडची सवयही मोडायला हवी, कारण या गोचिडातून माणसालाही रिकेट्सियाचा ताप येऊ शकतो.

दिसणारे गोचीड काढले म्हणजे काम संपलं असंही नाही. तपकिरी कुत्रा-गोचीड अंडं ते प्रौढ या प्रवासात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि दर वेळी रक्त पिऊन खाली उतरतो. बाकीचा काळ तो भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, पोत्याखाली काढतो. भिंतीवर तो वर चढतो, त्यामुळे छताजवळही सापडतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि प्रौढ गोचीड अन्नावाचून कित्येक महिने तग धरतो. भुऱ्या झोपायचा त्या ओट्यामागच्या भेगेत आम्ही बॅटरी मारली, तेव्हा तांबूस दाण्यांची रांगच हलताना दिसली. सगळ्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, त्याचं पोतं जाळलं आणि नवं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायला घेतलं.

कुत्र्यासाठी आता चावून खायच्या गोळ्या मिळतात, काहींचा परिणाम महिनाभर, काहींचा बारा आठवडे राहतो. त्या वजनावर ठरतात, आणि ज्याला झटके येतात त्या कुत्र्याला त्या देण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं. स्वस्त पडतं म्हणून कुणी आयव्हरमेक्टिन टोचून घेतात. कोली आणि तिच्या जवळच्या जातींमध्ये ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचे थेंब किंवा पावडर आणूच नका, मांजरासाठी ते विष आहे.

आणि गल्लीतल्या कुत्र्यांना वगळून हे जमत नाही. आमच्याकडे चार घरं वर्गणी काढतात. वजनाचा अंदाज डॉक्टरांना सांगून त्यांनी ठरवलेली गोळी कलेजीच्या तुकड्यातून देतो आणि कुणाला कधी दिली ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो. रेबीजची लस टोचायला माणूस येतो, त्याच दिवशी हेही उरकतं.